पटकथेचा तास

एप्रिल उजाडला की डोंबिवलीपासून चिंचवडपर्यंत आणि नाशिकपासून सोलापूरपर्यंत चौकाचौकांत एक फलक हमखास झळकू लागतो. ‘बालकलाकार अभिनय शिबिर, वय वर्षे आठ ते चौदा.’ खाली एखाद्या मालिकेतील ओळखीचा चेहरा आणि त्याहून मोठ्या अक्षरांत ‘ऑडिशनची संधी’. आठ-दहा दिवसांच्या अशा शिबिरांत लोकप्रिय चित्रपटांतील संवाद मुलांकडून घोटून घेतले जातात, चार भावमुद्रा बसवल्या जातात आणि अखेरच्या दिवशी पालकांसमोर त्याचे प्रात्यक्षिक होते. मूल सांगितल्याबरोबर हसते, सांगितल्याबरोबर रडते. का रडायचे, हे त्याने विचारलेले नसते आणि त्याला कोणी सांगितलेलेही नसते.

सगळीच शिबिरे अशी असतात असे नाही. मन लावून काम करणारी रंगकर्मी मंडळी गावोगावी आहेत. तरीही या बाजाराला एवढी बरकत यावी याचे कारण बाजारात नाही, शाळेत आहे. जे शिक्षण शाळेने द्यायचे ते शाळेने दिले नाही, म्हणून ते फलकावर आले. पाचवी ते आठवीच्या वयातील मुलांचा आज पुस्तकापेक्षा पडद्याशी अधिक काळ संबंध येतो, हे सांगायला कोणत्याही पाहणीची आवश्यकता नाही. कोणत्याही घरातील संध्याकाळ पुरेशी आहे. ज्या माध्यमात मूल दिवसाचे कित्येक तास वावरते, त्या माध्यमाचे व्याकरण त्याला शाळेत एक तासही शिकवले जात नाही. कवितेतील अलंकार ओळखता आले नाहीत तर गुण कापले जातात. मात्र जाहिरातीतील आई नेहमी मऊ प्रकाशात का दिसते, हा प्रश्न कोणत्याही प्रश्नपत्रिकेत नसतो.

म्हणून पटकथालेखन आणि चित्रपट-अभिनय हे विषय माध्यमिक शाळेच्या उंबरठ्यावरील मुलांना शिकवले गेले पाहिजेत, आणि ते भाषेच्या तासाला शिकवले गेले पाहिजेत. छंदवर्गात नव्हे, स्नेहसंमेलनाच्या धावपळीत तर नव्हेच.

भाषेच्याच तासाला का, याचे उत्तर पटकथेच्या स्वरूपात आहे. पटकथेचा पहिला नियम सोपा आणि निर्दय आहे: जे दिसेल आणि ऐकू येईल तेवढेच लिहायचे, आणि तेही वर्तमानकाळात. दृश्याच्या माथ्यावर स्थळ आणि वेळ. खाली कोण काय करतो, काय बोलतो. बस्स. ‘रमेशला फार वाईट वाटले’ हे वाक्य पटकथेत चालत नाही. वाईट वाटणे कॅमेऱ्याला दिसत नाही. मग रमेश काय करतो? डबा उघडतो आणि पुन्हा बंद करतो? मैदानाकडे पाठ करून बसतो? बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधतो? सातवीतल्या मुलाने या प्रश्नाशी पंधरा मिनिटे झुंज घेतली, तर मराठीच्या वहीत आजवर कधी न उमटलेले एखादे वाक्य त्याच्या हातून उतरते.

आपल्या शालेय निबंधाची अवस्था काय आहे, हे शिक्षकांना ठाऊक आहे. ‘मी शाळेची घंटा बोलतेय’ या विषयावर महाराष्ट्रातील सर्व घंटा एकाच आवाजात बोलतात, कारण त्या एकाच मार्गदर्शकातून बोलतात. ‘निसर्गरम्य’, ‘नयनमनोहर’, ‘अवर्णनीय आनंद’ ही विशेषणे मुले शिक्क्यासारखी उमटवतात. पटकथेत विशेषणाला जागाच नाही. ‘नयनमनोहर सूर्यास्त’ असे लिहिले तर दिग्दर्शकाची भूमिका करणारा वर्गमित्र विचारतो, म्हणजे नेमके काय दाखवू? पाहण्याची सवय लावण्याचा याहून स्वस्त उपाय शिक्षणशास्त्रात असेल असे वाटत नाही. कागद, पेन्सिल आणि थोडा धीर एवढेच साहित्य लागते.

उदाहरणासाठी दूर जाण्याचे कारण नाही. साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात अवघ्या काही दिवसांत ‘श्यामची आई’ लिहिली. तीत श्यामच्या पोहण्याचा प्रसंग आहे. पाण्याला भिणारा श्याम माळ्यावर लपून बसतो; आई त्याला शोधून काढते, शिंपटीने मारते आणि विहिरीकडे पिटाळते; मुलगा पोहून परत येतो तेव्हा तीच आई त्याच्यापुढे दही ठेवते. हा प्रसंग सहावीच्या वर्गाला द्यावा आणि त्याची पटकथा करायला सांगावी. कॅमेरा कुठे ठेवाल, माळ्यावर श्यामपाशी की खाली आईपाशी? माळ्यावर ठेवला तर आईची पावले नुसती ऐकू येतील आणि प्रेक्षकही श्यामबरोबर लपेल. खाली ठेवला तर आईचा राग दिसेल, पण श्यामची भीती निसटेल. मार दाखवायचा की फक्त त्याचा आवाज ऐकवायचा? दही देताना आईने बोलावे की गप्प राहावे? या प्रत्येक प्रश्नाच्या उत्तरासाठी मुलाला मूळ उतारा तीन-चार वेळा वाचावा लागतो. ‘संदर्भासह स्पष्टीकरण द्या’ म्हणून जे वाचन कधी घडले नाही, ते इथे आपसूक घडते.

या पुस्तकाची आणखी एक सोय आहे. त्यावर दोन चित्रपट उपलब्ध आहेत. आचार्य अत्रे यांचा 1953 सालचा, ज्याला पहिल्याच राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. आणि सुजय डहाके यांचा 2023 सालचा, जो 71व्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला. दुसरा चित्रपट आजच्या काळात असूनही कृष्णधवल आहे. का, याचा शोध मुलांनी घ्यावा. एकच पुस्तक, मध्ये सत्तर वर्षे, आणि प्रत्येक पटकथाकाराने काय घेतले, काय गाळले याची दोन रकान्यांत नोंद. हा अभ्यास करणारे मूल ‘पुस्तकावरून चित्रपट काढला’ एवढ्या ढोबळ वाक्यावर पुन्हा कधी समाधान मानणार नाही.

रचनेच्या शिक्षणाबाबत आपल्याकडे एक विचित्र प्रकार चालतो. पटकथेच्या बहुतेक कार्यशाळांत पहिल्या तासाला फळ्यावर तीन अंकांची अमेरिकी आकृती काढली जाते. तिच्यात वावगे काही नाही. पण कथानकाच्या वाटचालीचा विचार भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात अधिक बारकाईने झालेला आहे, याची त्या वर्गात कोणालाही जाणीव नसते. प्रारंभ, प्रयत्न, प्राप्त्याशा, नियताप्ती आणि फलागम अशा कार्याच्या पाच अवस्था तिथे सांगितल्या आहेत. 2025 साली युनेस्कोने नाट्यशास्त्राच्या हस्तलिखिताची ‘जगाची स्मृती’ या नोंदवहीत नोंद घेतली, तेव्हा आपल्याकडे अभिनंदनाचे संदेश पुष्कळ फिरले. ते फिरवणाऱ्यांपैकी किती जणांनी त्यातल्या पाच अवस्था आपल्या मुलाला समजावून दिल्या, हा प्रश्न थोडा अवघड आहे. ‘हे सारे आमच्याकडे आधीपासून होते’ असे म्हणून थांबणे ही अभिमानाची आळशी पद्धत होय. होते, तर वापरून दाखवले पाहिजे.

वापरणे अवघड नाही. परेश मोकाशी यांचा ‘एलिझाबेथ एकादशी’ (2014) बहुतेक मुलांनी पाहिलेला असतो. पंढरपुरातील एका विधवा आईचे विणकामाचे यंत्र बँकेने जप्त केलेले आहे, पैशांसाठी ‘एलिझाबेथ’ नावाची सायकल विकावी लागणार आहे आणि ती वाचवण्यासाठी मुले कार्तिकीच्या यात्रेत बांगड्यांचे दुकान थाटतात. सायकल जाणार हे कळणे हा प्रारंभ. दुकान थाटणे हा प्रयत्न. गल्ल्यात पैसे जमू लागले की प्राप्त्याशा, म्हणजे फळ मिळेल असे वाटू लागणे, पण खात्री नसणे. पुढच्या दोन अवस्था कोणत्या प्रसंगांत आहेत, ते मुलांनी शोधावे आणि त्यावर भांडावे. नाट्यशास्त्राचा आदर करण्याची वर्गातील रीत अशी भांडणाचीच असते.

चित्रांच्या क्रमाने गोष्ट सांगण्याची परंपराही इथलीच आहे. सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या चित्रकथींकडे रामायण-महाभारतातील आख्यानांच्या चित्रपोथ्या असतात. एकेक चित्र समोर धरायचे, वाद्याच्या साथीने त्यावरचे आख्यान लावायचे, मग पुढचे चित्र. ही कला टिकवणाऱ्या परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री जाहीर झाली. आज चित्रपटाच्या आधी जी रेखाचित्रांची मालिका तयार करतात, तिची ही जवळची नातलग. सत्यजित राय यांनी ‘पथेर पांचाली’साठी नेहमीसारखी बांधीव पटकथा लिहिली नव्हती; वहीत दृश्यांची चित्रे काढली होती. ज्या मुलाला लिहिणे जड जाते, त्याला चित्रांतून पटकथा मांडू द्यावी. वर्गातील शेवटच्या बाकावर बसणाऱ्यांना पुढे आणणारा हा तास आहे.

आता अभिनय. शाळेत अभिनय म्हणजे स्नेहसंमेलन असे समीकरण आहे आणि स्नेहसंमेलनातील अभिनय शेवटच्या रांगेपर्यंत पोचावा लागत असल्याने तो मोठ्याने, हात पसरून करावा लागतो. रंगमंचावर ते क्षम्य आहे, काही अंशी आवश्यकही. मराठी बालरंगभूमीने सुधा करमरकर आणि रत्नाकर मतकरी यांच्यापासून जे मोठे काम केले, त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. पण चित्रपटाचा अभिनय निराळा आहे. कॅमेरा दोन हातांवर असतो; पापणी लवली तरी दिसते. तिथे अधिक करणे हा दोष ठरतो. त्यामुळे पहिला पाठ ‘करू नका’ असाच असावा. मुलाला सुईत दोरा ओवायला सांगावे आणि तो खरोखर ओवला जाईपर्यंत मोबाइलने चित्रण करावे. नंतर दोरा-सुई काढून घेऊन तेच ‘करून दाखवायला’ सांगावे. दोन्ही चित्रणे एकामागून एक पाहिली की खरे लक्ष आणि लक्ष दिल्याचे सोंग यांतला फरक सगळ्या वर्गाला दिसतो. एखाद्या शब्दानेही तो समजावावा लागत नाही.

‘पथेर पांचाली’तील अपूची गोष्ट या संदर्भात सांगण्यासारखी आहे. काशफुलांच्या रानात बहिणीला शोधत, थबकत, इकडेतिकडे पाहत अपूने चालायचे होते. मुलाला ‘तू शोधतो आहेस असे दाखव’ म्हटल्यावर ते जमेना. तेव्हा राय यांनी वाटेवर काटक्या टाकल्या आणि दोन्ही बाजूंना आपले सहायक लपवून ठरावीक अंतरावर त्याला हाका मारायला लावले. मुलगा काटक्या ओलांडत, हाकेसरशी मान वळवत चालला आणि पडद्यावर शोध अवतरला. मुलाकडून भावना पिळून काढायची नसते; त्याला करण्यासारखे काही तरी द्यायचे असते. फलकांवरच्या शिबिरांत नेमके उलटे चालते.

आपल्या चित्रपटाचा आरंभच मुळी मुलांच्या साक्षीने झाला. ‘राजा हरिश्चंद्र’साठी (1913) रोहिदासाच्या भूमिकेला मूल मिळेना; पडद्यावर मरणाऱ्या मुलाचे काम आपल्या लेकराने करावे असे कोणत्या पालकाला वाटणार? दादासाहेब फाळक्यांनी आपल्या भालचंद्रालाच उभे केले. ‘कालिया मर्दन’मध्ये (1919) कृष्ण झाली ती त्यांची लेक मंदाकिनी. त्या चित्रपटाच्या सुरुवातीला ती चिमुरडी कॅमेऱ्यासमोर एकामागून एक भाव चेहऱ्यावर आणताना दिसते आणि त्यानंतर तिच्यातून कृष्ण साकारतो. हा शंभर वर्षांपूर्वीचा तुकडा आजही वर्गात दाखवावा असा आहे. मोठ्यांच्या नाचगाण्यांची नक्कल करणारी मुले दूरचित्रवाणीवर रोज दिसतात. इथे एक मूल मूल राहूनच देव होते.

तेव्हापासून ही धार तुटलेली नाही. सुवर्णकमळाच्या तोलाचा सर्वोच्च सन्मान मराठी चित्रपटाला पहिल्यांदा ‘श्यामची आई’ने मिळवून दिला आणि दुसऱ्यांदा, तब्बल पन्नास वर्षांनी, ‘श्वास’ने (2004). दोन्हींच्या केंद्रस्थानी मुलगा. ‘टिंग्या’, ‘फँड्री’, ‘नाळ’ यांतील मुलांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. 2025 साली जाहीर झालेल्या 71व्या पुरस्कारांत बालकलाकारांच्या पाच मानकऱ्यांपैकी चार मराठी चित्रपटांतील होते, त्यांतले तिघे एकट्या ‘नाळ 2’मधले. ‘टिंग्या’ किंवा ‘फँड्री’तील मुले कोणत्याही अभिनय-अकादमीतून आली नव्हती. ती साध्या गावांतून, साध्या शाळांतून आली आणि आपल्या बोलीत बोलली. पटकथेच्या तासाला मुलांनी संवाद आपल्या घरच्या बोलीत लिहावेत, मालवणीत, अहिराणीत, वऱ्हाडीत. प्रमाणभाषेचा आग्रह तिथे शिक्षकाने दाराबाहेर ठेवावा. मराठी मरते म्हणून हळहळणाऱ्यांनी हे एवढे तरी करून पाहावे.

धोरणाचा अडसर आता राहिलेला नाही. 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीसाठी दहा दप्तरविरहित दिवस सुचवले आहेत. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने 2024 साली सहावीसाठी काढलेल्या ‘कृति’ या कलाशिक्षणाच्या पुस्तकात चित्र, संगीत, नृत्य यांच्या जोडीला नाट्यही आहे. फ्रान्समध्ये याच वयाच्या मुलांसाठी 1989पासून शाळेच्या वेळेत चित्रपटगृहात नेऊन निवडक चित्रपट दाखवण्याची आणि त्यांचा वर्गात अभ्यास करून घेण्याची योजना चालू आहे. चित्रपटाचे राष्ट्रीय संग्रहालय आणि चित्रपट प्रशिक्षणाची राष्ट्रीय संस्था ज्या पुण्यात शेजारी-शेजारी उभ्या आहेत, तिथल्या शाळांनाही असा विचार सुचू नये, याचे आश्चर्य वाटते.

पालकांचा आक्षेप मात्र ऐकून घेतला पाहिजे. मुले आधीच मोबाइलला चिकटलेली. आता शाळेतही तेच? आक्षेप प्रामाणिक आहे, पण पडद्यासमोर बसणे आणि पडद्यामागे उभे राहणे यांत अंतर आहे. अर्ध्या मिनिटाच्या भांडणासाठी आठ वेळा चित्रण करावे लागते, मधल्या वेळात नुसते थांबावे लागते, पहिल्या वेळी पेला उजव्या हातात होता की डाव्या हे लक्षात ठेवावे लागते, आणि एवढे करून संकलनात निम्मे कापावे लागते. हे ज्याने केले, तो पुढच्या वेळी चित्रपट पाहताना भारावला तरी फसणार नाही. शिवाय सुरुवातीचे तीन-चार महिने कॅमेरा कपाटातच असावा. आधी पाहणे, मग लिहिणे, मग एकमेकांना वाचून दाखवणे. चित्रण अगदी शेवटी, आणि तेही शिक्षकाच्या एकाच मोबाइलवर. ते चित्रण समाजमाध्यमांवर जाता कामा नये. ‘आवडले’ म्हणणाऱ्यांची संख्या मोजायला लागलेले मूल पुन्हा मोकळेपणाने चुकत नाही.

दुसरा धोका आपल्याच घरातला आहे आणि त्याबद्दल बोलायला संकोच होतो. मुलांकडून काही लिहून घ्यायचे म्हटले की संस्कारप्रेमी मोठ्या मंडळींच्या हाताला बोधाची खाज सुटते. स्वच्छता, व्यसनमुक्ती, देशभक्ती असे विषय वाटले जातात आणि पाचव्या मिनिटाला दारुडा बाप एका वाक्यात सुधारतो. लिहिणाऱ्या मुलालाही ते खरे वाटत नसते. टाळ्या मिळतात म्हणून ते लिहीत राहते. जे स्वतःला पटत नाही ते मोठ्यांना आवडते म्हणून बोलायचे, हा धडा त्यातून नकळत मिळतो, आणि तो कोणत्याही वाईट चित्रपटापेक्षा घातक आहे. श्यामच्या आईनेही आधी शिंपटी उचलली, मग दही दिले. समजावणे त्यानंतर आले. मुलाला डब्यातल्या न आवडणाऱ्या भाजीवर लिहू द्यावे, गावी एकट्या राहणाऱ्या आजीवर लिहू द्यावे, मित्राशी तुटलेल्या बोलण्यावर लिहू द्यावे. शेवट त्याला सुचेल तो असो. न सुधारणारा बापही असू द्यावा.

आणि ज्यांना आपल्या मुलाने खरोखरच पडद्यावर यावे असे वाटते, त्या पालकांनी फलकाच्या आधी कायदा वाचावा. बालमजुरीविषयक कायद्यात 2016 साली झालेल्या दुरुस्तीने आणि 2017च्या नियमांनी बालकलाकारांना परवानगी दिली, पण बंधने घालून. दिवसाला पाच तासांहून अधिक काम नाही. विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून अधिक नाही. सलग 27 दिवसांपलीकडे नाही. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आवश्यक. शिक्षण खंडित होता कामा नये. आणि मुलाच्या उत्पन्नातील किमान 20 टक्के रक्कम त्याच्याच नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदतठेवीत ठेवायची. आठवीतील मुलांना हे नियमही पटकथेच्या तासाला वाचून दाखवायला हरकत नाही. बालकलाकाराच्या दिवसावर एक दृश्य लिहा म्हटले, तर वेळापत्रकाचा हिशोब त्यांनाच मांडावा लागेल.

हा तास कोण घेणार, हा प्रश्न उरतो. त्यासाठी मुंबईहून कोणी नामवंत आणण्याची गरज नाही. नामवंत आले की तास संपून सत्कार सुरू होतो. मराठीचे शिक्षक हे काम करू शकतात. त्यांनी फक्त सुरुवातीला मुलांबरोबर बसून स्वतः एक दृश्य लिहावे, वर्गात वाचून दाखवावे आणि ‘सर, हे कॅमेऱ्याला दिसणार नाही’ असे कोणी म्हटले तर ते वाक्य खोडावे.